तणमोराची उडी

दमयंती पहिल्यांदा जांभाळवाडीत आली तेव्हा तिच्या अंगात पिवळाधमक रेनकोट होता, पाठीवर तिच्याहून जड पिशवी होती, आणि एसटीतून उतरल्या उतरल्या ती चिखलात घसरून बसली. द्वारकाबाई ओट्यावर डाळ पाखडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, जाऊन पोरीला हाताला धरून उठवलं. आपल्या घरी राहायला येणार होती ती संशोधनवाली मॅडम हीच, हे कळल्यावर मात्र तिने पदर तोंडाला लावून पोटभर हसून घेतलं.

जांभाळवाडी कन्नड तालुक्याच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. गावाच्या डोक्यावर भलामोठा माळ पसरलेला. त्या माळावर झाड म्हणून नाही, नुसतं गवत. उन्हाळ्यात पिवळं पडून भुईसपाट होणारं, आणि पावसाळ्यात माणसाच्या कमरेला लागणारं. मधोमध एक पांढरा धोंडा, दोन माणसं टेकून बसतील एवढा. गावाला त्या माळाचं काही अप्रूप नव्हतं. शेरडं चारायला जायचं, वैरण कापायची, एवढाच त्याचा उपयोग.

पण त्या माळावर पावसाळ्यात तणमोर येत असे. कोंबडीएवढं पाखरू. एरवी गवतात असं दडून राहतं की पायाखाली येईस्तोवर दिसत नाही. पावसाळ्यात मात्र त्याचा नर येडा होतो. सकाळच्या ढगाळ उजेडात गवतातून सरळ वर उसळतो, पंख फडफडवतो, बेडकासारखा टर्र आवाज करतो आणि मान टाकून पुन्हा गवतात पडतो. थोडा दम खातो की पुन्हा उडी. लांब कुठं मादी बसलेली असेल तर तिला दिसावं म्हणून हा सगळा खटाटोप. असे तणमोर आता देशातच थोडे उरलेत, आणि आपल्या भागातून ते गेले असंच शिकलेली माणसं धरून चालली होती.

द्वारकाबाईचा मुलगा काकासाहेब लहानपणी शेरडं घेऊन माळावर जायचा तेव्हापासून तो पक्षी बघत आला होता. पुढं तो वाळूजला कंपनीत लागला, बजाजनगरात खोली करून राहू लागला. पण सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलीवर गावी आला की आधी माळावर जायचा. एकदा त्याने मोबाइलवर त्या उडीचं चित्रण केलं. फिरत फिरत ते दमयंतीच्या सरांपर्यंत पोचलं. सरांनी पोरीला सांगितलं, पुस्तकं खूप झाली, आता एक अख्खा पावसाळा डोंगरावर काढ, एकटीने. तिथं टिकलीस तर पुढच्या संशोधनाचं बोलू. म्हणून ही संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरची पोर, जिने कधी शेणाला हात लावला नव्हता, द्वारकाबाईच्या घरात काकासाहेबाच्या खोलीत येऊन राहिली. तिचे वडील श्रीनिवासराव बँकेतून निवृत्त झालेले. ते रोज संध्याकाळी फोन करून, जेवलीस का आणि साप दिसला का, एवढंच विचारत.

पहिले आठ-पंधरा दिवस दमयंतीला एक पाखरू दिसलं नाही. ती माळावर जायची, दुर्बीण लावून बसायची, भिजून परत यायची. द्वारकाबाईने एक दिवस तिचा रेनकोट चिमटीत धरून उचलला.

"बाई, ह्यो घालून तू गवतात बसतीस? ते पाखरू नवरीला बोलावतंय, वरातीतल्या बत्तीला नाय."

मग तिने पोत्याचं एक टोक दुसऱ्यात खुपसून खोळ करून दिली. ती डोक्यावरून पांघरली की माणूस लांबून धोंड्यासारखा दिसतो. दमयंतीला आधी लाज वाटली. पण त्याच आठवड्यात तिला पहिली उडी दिसली, आणि ती डोंगरावरून धावत खाली आली ती थेट चुलीपाशी. पायात काटे, केसांत कुसळं. द्वारकाबाईने तिला आधी चहा दिला.

पोर हळूहळू शिकली. वाऱ्याकडे तोंड करून चालायचं, एका रेषेत चालायचं, पाऊल टाकायच्या आधी गवत काठीने बाजूला करायचं. ओलं फडकं अंगावर वाळवायचं. भाकरी दुरडीतून स्वतःच्या हाताने घ्यायची. नर कुठून उसळला, कुठे पडला, मादी कधी फिरकली का, हे सगळं ती टिपून ठेवायची. एकदा तिने मादी पाहिली. गवतातून मान वर काढली आणि गेली, तेवढंच. त्या दिवशी तिने वडिलांना आपण होऊन फोन केला.

काकासाहेब सुट्टीला आला की दोघं मिळून वर जात. त्याला सगळं गाव काकाच म्हणायचं, म्हणून तीही काका म्हणू लागली. द्वारकाबाईने तिला भर अंगणात धरलं.

"माह्या लेकाला काका म्हंती, मला मावशी म्हंती. मंग मी त्याची कोण लागले? ठरव एकदाचं."

तेव्हापासून ती त्याला दादा म्हणू लागली. काकासाहेबाला सख्खी बहीण नव्हती. पुढच्या खेपेला त्याने तिच्यासाठी संभाजीनगरातून शाळेतल्या पोरी घालतात तसे काळे कॅनव्हासचे बूट आणले, आणि मापात बसले म्हणून दिवसभर मिरवला.

आई, तुला एकदा दाखवतो, असं तो दर सुट्टीला म्हणायचा. द्वारकाबाई जन्मभर त्या डोंगराखाली राहिलेली, पण तिने तणमोराची उडी कधी पाहिली नव्हती. पावसाळा म्हणजे निंदणी, खुरपणी, गुरांचं शेण, माणसांचं जेवण. सकाळच्या पारी डोंगरावर जाऊन पाखरू बघत बसायला कुणाला सवड? पुढच्या सुट्टीला जाऊ, असं तीही म्हणायची. ती सुट्टी आली की काही तरी निघायचंच.

एका सकाळी तिने भाकरी टाकता टाकता विचारलं की उडतं म्हणजे करतं तरी काय ते एवढं. तर हा एवढा घोडा, लग्नाला आलेला, अंगणात उकिडवा बसला. दोन्ही हात पंखांसारखे अंगाशी घेतले, गाल फुगवले. दमयंती ओट्यावर हसून हसून आडवी झाली. फकिरा, काकासाहेबाचा बाप, गोठ्यातून बघत म्हणाला की कंपनीत ह्याला ह्याचाच पगार देतात वाटतं. द्वारकाबाई दारात उभी राहून बघत होती. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला आणि ती आत वळली. बाहेर धप्पकन पाय आपटल्याचा आणि हसण्याचा आवाज तिने ऐकला. बाहेर आली तोवर काकासाहेब पँटीची माती झटकत होता.

"पाह्यलं का, आई?"

"पाह्यलं, पाह्यलं. चल, जेवून घे."

दिवाळीच्या तोंडावर, कंपनीतली पाळी सुटून गावी येताना, काकासाहेबाची मोटारसायकल एका टँकरखाली गेली.

दमयंती पावसाळा संपवून शहरात परतली होती. सावडायच्या दिवशी श्रीनिवासरावांना घेऊन ती आली. पूर्वी जांभाळवाडीची माणसं राख गोदावरीला, कायगावला नेत. पण अलीकडे गावोगाव नवी रीत पडली होती. नदी घाण करायची नाही, राख खड्ड्यात ठेवायची, वर झाड लावायचं, आणि गेलेल्या माणसाला झाडात बघायचं. रीत चांगली होती. गावात तशी बरीच झाडं झाली होती, बांधाबांधावर, आणि लोक त्यांना माणसांच्या नावाने हाक मारत.

फकिराने विहिरीजवळ खड्डा घ्यायला सांगितलं. तीन दिवस घोटभर पाण्यावर असलेली द्वारकाबाई तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"हितं नाय. वर माळावर, पांढऱ्या धोंड्यापाशी. तिथं त्याचा जीव व्हता."

आईचा शब्द. कोण मोडणार? राख वर गेली, तिच्यावर कडुलिंबाचं रोप लागलं. फकिराचा मेहुणा बद्रीनाथ, ज्याचं लासूर स्टेशनला खत-बियाण्याचं दुकान, त्याला ही गोष्ट फार भिडली. भाचा एकटा कशाला राहील त्या उघड्या माळावर, म्हणून दहाव्याला त्याने टेम्पो भरून रोपं आणली. बजाजनगरातून कंपनीची पोरं आली, गाव आलं. धोंड्याच्या चहूबाजूंनी खड्डे पडले. लिंब, करंज, चिंच, जांभूळ, ओळीच्या ओळी. प्रत्येक रोपाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण. जो तो म्हणत होता, उजाड डोंगर काकाच्या नावाने हिरवा होणार.

दमयंती आणि श्रीनिवासराव दहाव्यालाही आले होते. तिच्या हातातही कुणीतरी करंजाचं रोप दिलं होतं. ती ते घेऊन नुसती उभी होती. सगळ्यांची रोपं लागली तरी ती उभीच. द्वारकाबाईने ते पाहिलं. दुःखाने पोरीला काही सुधरत नाही, असं समजून तिने तिचा हात धरून खड्ड्यापाशी नेलं.

"लाव बाई. तुह्या भावाच्या नावानं लाव."

दमयंतीने लावलं. श्रीनिवासराव मागे उभे राहून चष्मा पुसत होते.

त्या उन्हाळ्यात द्वारकाबाईला दुसरं काही सुचलं नाही. फकिरा ट्रॅक्टरवर पाण्याचे ड्रम घालून गाडीवाटेने वर न्यायचा, आणि ती कळशीकळशीने एकेका झाडाला पाणी घालायची. लिंबाला सगळ्यांत शेवटी, सावकाश. मग तिथंच बसून त्याच्याशी बोलायची. भाव काय चाललाय, म्हैस व्याली, तुझ्या मामाने नवी गाडी घेतली. माळावरचं ऊन मोठं वाईट, तरी बरीच झाडं जगली. लिंब तर तिच्या छातीला आला. गावाला कौतुक वाटलं. लोक शहरातून फोटो काढायला आले.

आषाढात दमयंती पुन्हा आली, तेच काळे बूट घालून. द्वारकाबाईने ह्या खेपेला ठरवून टाकलं होतं की निंदणी गेली खड्ड्यात, लेकाचं पाखरू बघायचंच. त्याने दाखवायचं राहिलं, ते ही दाखवील. रोज पोर खाली आली की ती दारातच विचारायची, आला का गं?

पहिल्यांदा दमयंती म्हणाली, आला, मावशी, पण फार लांब आहे, पलीकडच्या कड्याला. मग दोन दिवस म्हणाली, आवाज आला, दिसला नाही. मग नुसती मान हलवू लागली. ताटातली भाकर तशीच राहू लागली. आणि एक दिवस तर ती उत्तर न देताच हातपाय धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी पोर वर गेल्यावर द्वारकाबाई मागोमाग निघाली. गुडघे धरले होते, थांबत थांबत चढली. वर सगळं ओलं हिरवं होतं. काट्यांच्या कुंपणांवर कावळे बसले होते. गावातली दोन कुत्री तिच्यामागून आली होती, ती झाडांमधून हुंगत पळू लागली. दमयंती खोळ पांघरून बसली होती, पण दुर्बीण गळ्यात तशीच लोंबत होती. ती आपल्याच करंजाजवळ बसून रडत होती.

द्वारकाबाई तिच्याजवळ खाली बसली.

"कुणी मारलं का त्याला?"

"नाही, मावशी."

"मंग?"

दमयंतीने खोळीच्या कडेने डोळे पुसले. मग गवताकडे बघत म्हणाली, "तो झाडांत राहत नाही. त्याला उघडा माळ लागतो. उडी लांबून दिसली पाहिजे. झाडं आली, झाडांवर कावळे आले, ते अंडी खातात. पाणी घालायला माणसं आली, माणसांमागं कुत्री. तो चार सकाळी उडाला आणि गेला."

"हे तुला तवाच ठावं व्हतं?"

"हो."

"अन् बोलली नायस."

"तुमच्या हातात दादांची राख होती, मावशी. मी काय बोलणार होते?"

द्वारकाबाईला राग आला नव्हता. राग यायला काही जागा उरावी लागते. लेकाचा जीव जिथं होता तिथं आपण त्याला ठेवला, एवढंच तिने केलं होतं. आणि त्यामुळेच, तो ज्यासाठी इथं धावत यायचा ते पाखरू इथून उठून गेलं होतं. तिने लिंबाकडे पाहिलं. पावसाने त्याला तांबूस कोवळी पानं फुटली होती.

"झाडं काढली तर येईल?"

"सांगता येत नाही," दमयंती म्हणाली. "येईल किंवा नाही येणार."

घरी आल्यावर द्वारकाबाईने फकिराला सांगितलं. तो ऐकून घेत होता, आणि ती कुदळ घ्यायला कोपऱ्यात गेली तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. तो दारात आडवा झाला.

"एकदा जाळलं त्याला. आता उपटतीस?"

ती थांबली. पण त्याच्या बाजूने वाट काढून निघाली. त्यानंतर फकिरा तिच्याशी बोलेनासा झाला.

दमयंतीने कुदळीला हात लावू का विचारलं, तर ती नको म्हणाली. तिने आधी काटे काढले. मग कडेकडेने माती उकरली, मुळासकट ढेकूळ निघावं म्हणून, विहिरीजवळ पुन्हा लावता यावं म्हणून. पण लिंबाचं मूळ सरळ खाली उतरलं होतं, खडकाच्या फटीत शिरलं होतं. तिने पुष्कळ उकरलं. शेवटी दोन्ही हातांनी धरून ओढलं तेव्हा ते आत कुठेतरी तुटलं. तो आवाज दमयंतीनेही ऐकला. द्वारकाबाई ते झाड मांडीवर घेऊन बसली. खड्ड्यातली माती तिने मुठीमुठीने गवतात पसरली. दमयंतीने आपला करंज आपल्या हाताने काढला.

बाकीच्या झाडांना कुणी हात लावू देईना. ती दुसऱ्यांच्या मायेने लागली होती. बद्रीनाथ फोनवर म्हणाला की ताईच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिला लासूरला आणा, चार दिवस ठेवू. ती दिसली की पाणवठ्यावर बाया गप्प होत. जिवंत झाड उपटणारी आई त्यांनी पाहिली नव्हती. पोरीने शहरातून येऊन काही तरी भरवलं, असंही बोललं गेलं, आणि दमयंतीला तो पावसाळा अर्ध्यातच सोडावा लागला.

फकिराने मात्र ते तुटक्या मुळाचं झाड उचलून नेलं होतं. विहिरीजवळ आळं करून लावलं, सावलीला तरटाचं छप्पर केलं, सांज-सकाळ पाणी घातलं. पानं गळाली तरी तो घालत राहिला. काडी वाळून कडकड मोडायला लागली तेव्हा एक दिवस तो तिथून उठला, घरात आला आणि म्हणाला, "जेवायला वाढ." पुष्कळ दिवसांनी तो तिच्याशी बोलला होता.

पुढचा उन्हाळा आला. माळावरच्या झाडांना पाणी न्यायची वेळ झाली. ड्रम अंगणात उपडे पडले होते. लोकांनी विचारलं, तर फकिरा म्हणाला ट्रॅक्टर बिघडलाय. ट्रॅक्टर रोज शेतात चालत होता, सगळ्यांना दिसत होता. कुणी काही म्हणालं नाही, आणि कळशी घेऊन वरही कुणी गेलं नाही. माळाच्या उन्हाने झाडं एकेक करून वाळली. काट्यांची कुंपणं लोकांनी जळणाला नेली.

तिसऱ्या पावसाळ्यात दमयंती भेटायला आली. तिचं काम झालं होतं. राजस्थानकडे गवताळ प्रदेशात पाखरांच्याच कामावर तिला घेतलं होतं. तिथं तिला विचारलं, कुठं शिकलीस, आणि तिने जांभाळवाडी सांगितलं. ती आता पाय न वाजवता चालायची. उन्हाने रापली होती.

सकाळच्या पारी दोघी माळावर गेल्या. द्वारकाबाई आता रोजच जायची. गवत पहिल्यासारखं उभं राहिलं होतं, खड्डे बुजत आले होते. दोघी पांढऱ्या धोंड्याला टेकून पोती पांघरून बसल्या. आभाळ भरलेलं होतं. चंडोल बोलत होते, लांब कुठं टिटवी ओरडत होती. दमयंती दुर्बीण फिरवत राहिली, मग तिने ती खाली ठेवली.

"नाय ना?" द्वारकाबाई म्हणाली.

"नाही, मावशी."

"ह्या साली बी नाय मंग."

वारा गवतावरून येत होता.

"तू तर पाह्यलंय," द्वारकाबाई म्हणाली. "कसं उडतंय ते तरी सांग मला."

दमयंतीने हात थोडे वर केले आणि खाली घेतले. मग म्हणाली, "दादांनी करून दाखवलं होतं ना अंगणात, मावशी? अगदी तसंच. तुम्ही पाहिलंय की."

द्वारकाबाईने समोर नजर लावली.

"मी कुठं पाह्यलं, बाई. भाकर करपत व्हती, मी आत गेले."

दमयंतीने तिचा हात धरला. दोघी तशाच बसून राहिल्या. खाली गावात चुली पेटल्या होत्या, गुरं सुटायची वेळ झाली होती, फकिरा एकटाच धार काढत असेल. द्वारकाबाईने पोत्याची खोळ कपाळावर पुढं ओढली आणि पुन्हा गवताकडे बघू लागली.